न सांगितल्यास

सरांना चहा सांगताना मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला वाटलं, हा माणूस या टपरीवर नवा असावा. "अर्धा कप. दूध बेताचं. साखर एक चमचा. आलं नको, वेलदोडा नको. कपात दे, ग्लासात नको." टपरीवाला मान खाली घालून ऐकत होता आणि चहा त्याने आधीच गाळून ठेवला होता. सर तिथे दहा वर्षं येत होते, दिवसातून दोनदा, आणि दर वेळी हे सगळं पहिल्यापासून म्हणत होते, हे मला नंतर कळलं.

"सर, माले माहीत शे हो," तो एकदा वैतागून म्हणाला. "दहा वरीस व्हयनात."

"तुला माहीत आहे, हे मलाही माहीत आहे," सर म्हणाले. "पण एखाद्या दिवशी मी बदललो तर तुला कसं कळणार?"

मी तिथे असेपर्यंत तरी ते बदलले नाहीत. चहा तोच, अर्धा कप, आणि तो संपेपर्यंत आमच्यातल्या कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही असा अलिखित नियम होता.

धुळ्याला देवपुरात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचं कार्यालय होतं. नव्वदीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. एका संस्थेसाठी आम्ही गावोगावच्या पाहण्या करायचो: कुणाकडे किती पोरं, त्यांचं वजन किती, घरात काय शिजतं. मी पाचोऱ्याची. जळगावला संख्याशास्त्र शिकून नुकतीच बाहेर पडले होते, नेमणूक हंगामी होती आणि डोक्यात हवा भरपूर होती. सर आमचे प्रमुख. त्यांनी अनेक वर्षं कॉलेजात शिकवलेलं, आणि नोकरी मध्येच सोडून ते या कामात आले होते. का सोडली, हे त्यांनी सांगितलं नाही. लोक मात्र दोन-तीन कारणं छातीठोकपणे सांगत. पाठीमागे त्यांना सगळे 'गृहीत सर' म्हणायचे, कारण कुणीही काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "यात काय गृहीत धरलंयस?"

हा प्रश्न सकाळी नऊपासून सुरू व्हायचा. धुळ्याहून जळगावला जाणारी एसटी पारोळा-एरंडोलवरूनच जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सर दर महिन्याला बहिणीकडे जायचे आणि दर महिन्याला कंडक्टरला विचारायचे, गाडी पारोळ्यावरून का अमळनेरवरून? कंडक्टर वैतागायचे, मागचे प्रवासी हसायचे. पाहणीच्या छापील अर्जावर कुटुंबप्रमुखाच्या नावाआधी 'श्री.' छापलेलं होतं. सरांनी आम्हाला बसवून सगळ्या अर्जांवरचं 'श्री.' पट्टीने रेघ मारून खोडायला लावलं. दोन दिवस गेले. माझं बोट दुखायला लागलं तेव्हा मी म्हटलं, सर, शंभरात नव्वद घरांत पुरुषच असणार की. "असेल," ते म्हणाले. "मग ते आपल्याला घरातले सांगतील. कागदाने कशाला सांगायचं?"

खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मला ते सहन होत नव्हते. रोज आल्याबरोबर विचारायचे, "बरी आहेस का, की मी तसं धरून चालू?" काय उत्तर द्यायचं असल्या प्रश्नाला? एका सकाळी मात्र मी त्या प्रश्नावर टेबलावर डोकं ठेवून रडले. वडील पाचोऱ्याला आजारी होते, चार दिवस मी हसऱ्या चेहऱ्याने कामावर येत होते आणि बाकी कुणी विचारलंच नव्हतं. सरांनी मला तिथल्या तिथे रजा लिहून दिली आणि किती दिवसांची हवी, तेही विचारलं.

कार्यालयात एकच संगणक होता. त्यावर सरांच्या परदेशात गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने फ्लॉपींवर पाठवलेली आकडेशास्त्राची एक भाषा घातलेली होती. भाषा म्हणजे काय, काळा पडदा. त्यावर आपण हुकूम टाइप करायचा आणि ती उत्तर द्यायची. हुकमांना 'फंक्शन' म्हणायचं: एक सरासरी काढणारं, एक मोजणारं, एक चिठ्ठ्या टाकणारं. प्रत्येकाला चार-दोन गोष्टी सांगाव्या लागत, आणि ज्या तुम्ही सांगत नाही त्या ते स्वतःच्या मनाने ठरवून मोकळं होई. सरांना जणू जन्मभराची जोडीदारीण मिळाली. त्यांनी एक जाड वही केली. डाव्या बाजूला फंक्शनचं नाव, उजव्या बाजूला मथळा, 'न सांगितल्यास'. त्याखाली ते फंक्शन आपण होऊन काय धरतं ते निळ्या शाईत लिहायचं. पुस्तकात छापलेलं ते मानायचे नाहीत. त्यांनी सात लहान आकडे ठरवून ठेवले होते. त्यांतला एक मुद्दाम रिकामा. नवं फंक्शन आलं की आधी ते सात आकडे त्याच्यापुढे टाकायचे. याला ते 'चाखणं' म्हणत.

सरासरीच्या फंक्शनवर त्यांचा फार जीव. सातांतला एक आकडा रिकामा असेल तर ते सरासरी द्यायचंच नाही; 'माहीत नाही' एवढंच सांगायचं. मला ते आडमुठं वाटे. सर म्हणत, "अगं, किती सरळ आहे बघ. एकाचं माहीत नाही, तर सगळ्यांचं माहीत नाही. असं स्वतःहून म्हणणारा अधिकारी बघितलायस कधी?"

चिठ्ठीच्या फंक्शनने एकदा गंमत केली. पाहणीसाठी कोणतं घर घ्यायचं हे गावच्या यादीतून तेच ठरवायचं. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यात सगळी घरं बंद होती, माणसं ऊस तोडायला गुजरातेत गेलेली. यादीत उरलं एकच घर, क्रमांक सतरा. मी यंत्राला सांगितलं, या यादीतून एक घर काढ. त्याने काढलं नऊ! आमचा पाहणीवाला तंगडतोड करून तिथे पोचला आणि परत येऊन म्हणाला, "बाई, नऊ नंबरले कुलूप शे. ओटावर एक बकरी बशेल व्हती, तिले इचारू का?"

सरांनी तासभर बसून छडा लावला. यादीत दोन-चार आकडे असले की ते फंक्शन त्यांतून निवडायचं. पण एकटा सतरा दिसला की त्याची समजूत व्हायची, एकपासून सतरापर्यंत सगळे आले. मी म्हटलं, काय मूर्खपणा आहे. सर हसले. त्यांना असं हसताना मी क्वचितच बघितलं. "मूर्खपणा नाही. कुणाच्या तरी सोयीसाठी केलंय. ज्याने लिहिलं त्याच्या गावात यादीत एकच घर उरत नसेल, एवढंच." हे वाक्य त्यांनी वहीतही लिहिलं.

त्याच भागातल्या दुसऱ्या एका पाड्याची गोष्ट मला सांगायची आहे. इतकी वर्षं मी ती कुणाला सांगितली नाही, कारण तीत मी काही फार बरी दिसत नाही.

त्या वर्षी पाड्यांवर पोरांसाठी आहार केंद्रं सुरू व्हायची होती. रोज दुपारी शिजवलेलं जेवण, आठवड्याला वजन, वेळेवर औषध. सगळ्या पाड्यांना पुरतील एवढी केंद्रं नव्हती. समितीने ठरवलं की ज्या पाड्यात निम्म्याहून जास्त पोरं सगळ्यात खालच्या वजनगटात असतील, तिथे केंद्र द्यायचं. ती मोजणी आमच्याकडे आली. दिवाळीनंतर आमची माणसं काटा घेऊन फिरली. जी पोरं सापडली त्यांचं वजन लिहिलं. जी आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेली होती त्यांचं नाव लिहिलं आणि वजनाची जागा रिकामी ठेवली.

मी मोजणीचं फंक्शन चालवलं. पाडा, गट, किती पोरं. पडद्यावर स्वच्छ तक्ता उमटला, कुठे तक्रार नाही. सरांनी तक्ता हातात घेतला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "काही रिकामं असतं तर यंत्र बोललं असतं." आणि सही केली. मोजणीचं फंक्शन त्यांनी कधी चाखलंच नव्हतं. मोजण्यात काय चाखायचं, एक-दोन-तीन तर करायचं, असं त्यांना वाटलं असणार. सरासरीचं फंक्शन अडून बसतं म्हणून त्याचं भावंडही अडेल, असं त्या माणसाने धरलं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याला धरू दिलं नाही त्याने.

पौषात अक्का आल्या. मी सांगतेय त्याच पाड्यावर त्या बालवाडी चालवायच्या. पन्नाशीच्या, सडपातळ, पायात टायरच्या चपला. शिरपूरहून एसटीने आल्या होत्या. एका हातात समितीचा कागद, दुसऱ्या हातात दोरा ओवलेली शाळकरी वही. पाडा यादीत नव्हता. निम्म्याहून कमी, म्हणून केंद्र नाही.

"सर," त्या उभ्यानेच म्हणाल्या, "मनी वहीमा चौसष्ट पोरे शेतस. तुमना कागदवर तेवीस. बाकीना कोठे गयात?"

मी घाईघाईने म्हटलं, "अक्का, त्यांची वजनं नव्हती ना, म्हणून..."

सर संगणकापुढच्या खुर्चीवर बसले आणि आपले सात आकडे टाइप केले, एक रिकामा. मोजणीच्या फंक्शनला विचारलं, किती? पडद्यावर उत्तर आलं: सहा. ना सूचना, ना खूण. सरांनी पुन्हा विचारलं. सहा. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ज्यांचं जमिनीचं, विहिरीचं बरं होतं ती घरं पाड्यावर राहिली होती. त्यांची तेवीस पोरं मोजली गेली, त्यांच्यात अर्ध्याहून जास्त बरी निघाली. ज्यांना पोटासाठी जावं लागलं त्यांची एकेचाळीस पोरं आमच्या तक्त्यात जन्मालाच आली नव्हती. त्या फंक्शनला एक शब्द जास्तीचा सांगितला असता तर त्याने रिकामे वेगळे मोजून दाखवले असते. आम्ही सांगितला नाही.

"अक्का, चूक माझी आहे," सर म्हणाले. "यंत्राची नाही."

समितीला पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. लिहिताना माझ्याकडे वळून विचारलं, "तक्ता तू केलास. तुझं नाव घालू का?" मी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. मी गप्प. तिसऱ्यांदा विचारलं, "अगं, गप्प बसलीस तर मी काय धरू?" तेव्हा मी म्हटलं, "नको, सर." हंगामी नोकरी जाईल ही भीती होती. सरांनी मान हलवली आणि पत्रात एकच नाव राहिलं. मला आजही त्याची लाज वाटते.

समितीचं उत्तर सरळ होतं: यादी मंजूर झाली आहे, पुन्हा वजनं घेऊन पाठवा, पुढच्या यादीत विचार होईल. होळीला फडावरची माणसं घरी येतात. सातपुड्यात होळीला घरी नसणं म्हणजे काय, ते तिथल्यांनाच विचारावं. आम्ही होळीच्या आठवड्यात काटा घेऊन पाड्यावर गेलो. झाडाला काटा टांगला, खाली झोळी. सर सतरंजीवर बसले आणि अक्कांच्या वहीतून एकेक नाव वाचू लागले. पोरं येत होती, झोळीत बसत होती, रडत होती. मी आकडे लिहीत होते. आकडे वाचून मला वर बघवेना.

एका नावाला कुणी उठलं नाही. चार वर्षांची मुलगी होती. सरांनी नाव पुन्हा वाचलं.

"ती नही सर आते," अक्का म्हणाल्या. "माघमा गयी. तठेच, फडवर. ताप उना व्हता."

मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. मुलीच्या आईने निरोप धाडला होता, केंद्र सुरू झालं की पोरीला आजीकडे पाड्यावर पाठवून देते, तिथे खायला तरी मिळेल. केंद्र सुरू झालं नाही. पोर फडावरच राहिली.

केंद्र असतं तर ती वाचली असती का? मला माहीत नाही. सरांनाही माहीत नव्हतं, आणि म्हणूनच ते त्यातून सुटले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हटलं, "जागा रिकामी ठेवू नकोस." मी वजनाच्या जागी 'मयत' लिहिलं.

नवा तक्ता सरांनी हाताने केला. एकूण पोरं चौसष्ट; वजन घेतलेली त्रेसष्ट; मयत एक, आणि त्यापुढे त्या मुलीचं नाव. खालच्या गटातली पोरं निम्म्याच्या कितीतरी वर. आठ दिवसांत कागद परत आला. मयत बालकाला आहार देय नाही, एकूण त्रेसष्ट करून पाठवा. नियमाने त्यांचं बरोबरच होतं. सरांनी खाली लिहिलं, 'बेरीज बरोबर आहे', आणि कागद तसाच पाठवला. तो पुन्हा परत आला, या वेळी लाल शाईत. यादी त्या महिन्याअखेर बंद होणार होती. त्यानंतर पुन्हा एक वर्ष.

अक्का कार्यालयात आल्या तेव्हा तो लाल शाईचा कागद टेबलावरच होता. "काढी टाका सर तिनं नाव," त्या म्हणाल्या. "बाकीना पोरेसले तरी खावाले मिळू द्या."

सरांनी कागद पुढे ओढला आणि बेरीज पुन्हा तपासली. मग माझा तोल गेला. इतक्या वर्षांचा सगळा राग मी बाहेर काढला. "सर, त्रेसष्ट पोरं उपाशी आहेत आणि तुम्ही एका आकड्यावर अडून बसलाय! काढा तो एक! कुणाला कळणार आहे?"

ते माझ्यावर रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "एकेचाळीस जणांना मी न विचारता काढलं होतं. आता एकीला काढायचं, तर विचारून काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर, अक्का आणि मी पुन्हा शिरपूरला, तिथून जीपने आणि मग पायी. ऊन चढलं होतं आणि सर वाटेत दोनदा खाली बसले. पुढचं आधीच सांगून टाकते: यादी बंद होण्याआधी कागद पोचला, पाडा यादीत आला आणि आषाढात तिथे केंद्र सुरू झालं. सर ते बघायला गेले नाहीत. दोन वर्षांनी त्यांनी कार्यालय सोडलं, नंतर जळगावला बहिणीकडे राहिले, आणि आता तेही नाहीत. पण माझ्या डोळ्यांपुढे ते दिसतात ते त्या दिवसाचेच.

मुलीची आई झोपडीपुढे शेण थापत होती. विशीची असेल. तशीच शेणाच्या हातांनी उभी राहिली. घरात ते लोक पावरी बोलायचे; आमच्याशी ती तुटक अहिराणीत बोलली. सर तिच्यासमोर जमिनीवरच बसले. चूक काय झाली, कुणाची झाली, पोरीला कागदावर कसं धरलंच नव्हतं, सगळं त्यांनी सोप्या शब्दांत पहिल्यापासून सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. अक्का मधूनमधून तिला तिच्या भाषेत समजावत होत्या. मग सर म्हणाले, "माय, हिचं नाव यादीतून काढल्याशिवाय बाकीच्यांना जेवण मिळत नाही. काढू का? तू नाही म्हणालीस तर नाही काढणार."

ती सरांसमोर उकिडवी बसली. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"काढा," ती म्हणाली. "तिना वाटानं बाकीनासले द्या."

सरांनी मांडीवर नवा कागद घेतला आणि चौसष्टच्या जागी त्रेसष्ट लिहिलं. लिहिताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. सही झाल्यावर जुना कागद ते घडी घालून पिशवीत ठेवायला लागले, तेवढ्यात तिने हात पुढे केला. सरांनी तो कागद तिला दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं.

"मनी पोर कोठे शे यामा?" तिने विचारलं.

सर तिच्या शेजारी सरकले. "बोट धरू का तुझं?" असं त्यांनी विचारलं, तिने मान हलवली, आणि त्यांनी तिचं शेणाने भरलेलं बोट हलकेच धरून कागदावर, त्या नावावर नेऊन ठेवलं. तिने बोट तिथेच ठेवलं. मग ओठांतल्या ओठांत तिने ते नाव उच्चारलं, आणि आम्ही तिघं, ती बोट उचलेपर्यंत, तिथेच बसून राहिलो.